केटी सुटान जातली खंय?

मुंबईत इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलाला आधी चष्मा लागतो आणि मग केटी लागते. एखाद्या विषयात नापास झालात तरी कॉलेज तुम्हाला लगेच घरी बसवत नाही. पुढच्या वर्षात सरकवतं, आणि राहिलेला विषय तेवढा शेपटीसारखा मागे बांधून देतं. त्या शेपटीला केटी म्हणतात. ही आद्याक्षरं कशाची, हे फार थोड्यांना ठाऊक असतं, आणि ज्यांना ती लागलेली असते त्यांना ते जाणून घ्यायची हौस उरलेली नसते. नोकरी लागते, ठेच लागते, तशी केटी लागते. पुढच्या खेपेला पास झालात की ती सुटते. लागली आणि सुटली, या दोन क्रियापदांवर आमची सगळी बॅच जगत होती.

मला लागली ती थर्मोडायनॅमिक्सची, आणि तीही तोंडी परीक्षेची. लेखी मी कशीबशी काढली होती. तोंडीत अडलो. आता, लालबागच्या चाळीत ज्याचा जन्म गेला त्याने तोंडीत नापास व्हावं यासारखी नामुष्की नाही. नळावर, जिन्यात, गणपतीच्या मीटिंगमध्ये मी कुणालाही ऐकत नसे. आई म्हणायची, "ह्याचं तोंड बंद करणारा अजून जन्माला यायचाय." तो जन्माला आला होता, एका रिफायनरीत मोठ्या हुद्द्यावर होता, आणि आमच्या कॉलेजात बाहेरचा परीक्षक म्हणून आला होता.

अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. त्यांनी पहिला प्रश्न अगदी सोपा टाकला. "आयसोलेटेड सिस्टीमचं उदाहरण दे." म्हणजे अशी वस्तू, की जिच्या आतून बाहेर काही जात नाही आणि बाहेरून आत काही येत नाही. पुस्तकात थर्मासचं उदाहरण आहे. शहाण्या मुलाने थर्मास म्हणावं आणि पुढे जावं. मी म्हणालो, "सर, अशी सिस्टीम असतच नाही."

"आदर्श म्हणून धर ना."

"धरू कशी सर? आमच्या आणि शेजारच्या खोलीच्या मध्ये लाकडी फळ्यांची भिंत आहे. त्यांच्याकडे मिरच्या तळल्या की आमच्याकडे शिंका येतात. त्यांचं भांडण झालं की आमच्या आईचं बीपी वाढतं."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि दुसरा प्रश्न टाकला. "फ्युगॅसिटी म्हणजे काय?"

फ्युगॅसिटी हा आमच्या विषयातला एक अवलिया आहे. पदार्थातल्या रेणूंची पळून जायची ओढ किती, हे तो सांगतो. पाण्यातून वाफ होऊन पळायची, कापरातून वास होऊन पळायची. मराठीत त्याला शब्द नाही. पलायनवृत्ती म्हटलं तर एखाद्या कर्जबुडव्याची बातमी वाटेल. मी फळ्यावर सूत्र लिहिलं. ते बरोबर होतं. "सूत्र नको, अर्थ सांग," ते म्हणाले. मी सांगितलं, एस्केपिंग टेन्डन्सी, पळून जायची वृत्ती.

"पळून कुठे?" त्यांनी विचारलं.

मी फळ्याकडे पाहिलं. सूत्रात 'कुठे' नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. तिथेही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडातून एक अक्षर फुटलं नाही.

तर अशी ती लागली. आणि ती साधी नव्हती. ही केटी सुटल्याशिवाय शेवटच्या वर्षाला प्रवेश नाही असा नियम होता, आणि आता एकच खेप उरली होती. ती गेली असती तर माझ्याबरोबरची सगळी पोरं पुढे, आणि मी वर्षभर चाळीच्या कठड्याला टेकून उभा. कठड्याला टेकून उभ्या असलेल्या माणसाला आमच्याकडे सगळे विचारतात, "काय, आज सुट्टी?" वर्षभर या प्रश्नाला उत्तर द्यायचं, या धास्तीने मी कठड्याकडे फिरकणंच सोडलं.

माझ्याइतकीच धास्ती बाबांनाही असणार. बाबा गिरगावात एका छापखान्यात प्रूफं तपासायचे. लग्नपत्रिकांपासून वार्षिक अहवालांपर्यंत त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय काही बाहेर पडत नसे. देवाधर्माचं त्यांना वावडं. आई सिद्धिविनायकाला प्रभादेवीला गेली की हे बाहेर चपला सांभाळत पेपर वाचत उभे राहायचे. अंगारे-धुपारे, नवस, कौल यांचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरे. "मुलगा विज्ञान शिकतोय, ह्या घरात आता असलं काही नको," हे त्यांनी मी अकरावीला गेलो त्याच दिवशी जाहीर केलं होतं.

केटी लागल्यावर ते एका रविवारी माझ्याजवळ येऊन बसले. "एन्ट्रॉपी म्हणजे नक्की काय रे? मला सांग. दुसऱ्याला सांगितलं की आपल्याला समजतं."

मी सांगायला लागलो. आमच्याच खोलीचं उदाहरण घेतलं. गावाहून पाहुणे आले की अंथरुणं घालायची किती तऱ्हेने सोय करता येते, हे चाळीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. काका मोरीजवळ आणि आजोबा पलंगावर, किंवा आजोबा दाराशी आणि पोरं पलंगाखाली, किंवा कुणीतरी बाहेर गॅलरीत. बाहेरून बघणाऱ्याला एकच गोष्ट दिसते, की सगळे मावले. आत मात्र मावायच्या तऱ्हा ढीगभर. या तऱ्हा जेवढ्या जास्त, तेवढी एन्ट्रॉपी जास्त. आणि जग नेहमी जास्त तऱ्हांच्या दिशेने जातं, म्हणून घर आपोआप पसरतं, आपोआप आवरलं जात नाही. स्टॅटिस्टिकल थर्मोडायनॅमिक्सचा अख्खा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे. मला वाटलं, मी फार सुंदर सांगितलं.

बाबांनी चष्मा पुसला. "म्हणजे पसारा?"

"नाही बाबा, पसारा नाही. तऱ्हांची संख्या. तिचा लॉगॅरिदम."

"लॉगॅरिदम कशाला? संख्या सरळ सांगितली तर काय बिघडतं?"

मी चिडलो. चिडण्याचं कारण असं, की हा प्रश्न मलाही पडलेला होता. बाबा उठले. जाताना माझं जाडजूड पाठ्यपुस्तक घेऊन गेले. नंतर पाहतो तर काय, पुस्तकभर पेन्सिलीने बारीक खुणा. बाबांनी त्याचं प्रूफ तपासलं होतं. एका समीकरणात कंस उघडला होता, बंद केला नव्हता. एका ठिकाणी 'एन्ट्रॉपी'ची 'एन्थाल्पी' झाली होती. सगळ्या चुका खऱ्या होत्या. "परदेशातलं पुस्तक आणि एवढं गलथान काम," एवढंच ते म्हणाले.

याच सुमाराला आमची आत्या कुडाळकडून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली. परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं आणि ती काळा गॉगल लावून आमच्या पलंगावर विराजमान झाली. डोळ्याला आराम म्हणून टीव्ही बंद, वाचन बंद. उरले कान. ते तिचे मुळातच तिखट. त्यात माझी आई म्हणजे मोबाइलवर बोलताना समोरच्याला मोबाइलशिवायही ऐकू जाईल अशा आवाजात बोलणारी. एका दुपारी ती मावशीला सांगत होती.

"अगं काय सांगू, केटी लागलीय त्याला. वर्ष होईल आता. सुटतच नाही. बाकीच्या पोरांच्या सुटल्या, ह्यालाच धरून बसलीय. जेवणात लक्ष नाही. आपल्याशीच पुटपुटतो, भिंतीकडे बघून हातवारे करतो. आता बाहेरचे येणार आहेत, त्यांच्यापुढे बसवतील. त्यांनी सोडवली तर सुटली."

कोकणातल्या माणसाच्या कानाने हे पुन्हा ऐकून बघा. बाई लागली आहे, सुटत नाही, पोरगा भिंतीशी बोलतो, आणि बाहेरचं बघणारा कुणीतरी येणार आहे. आत्याने गॉगलमागे डोळे मिटले आणि सगळं ताडलं.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा तिने मला हळूच जवळ बोलावलं. मला वाटलं, परीक्षेची चौकशी करतेय. मीही सरळ उत्तरं दिली.

"केटी खंयची रे ती?"

"थर्मोची."

"ह्या थर्मा खंय इला?"

"माटुंग्याला," मी म्हणालो, कारण कॉलेज तिकडे होतं.

"आणि लागली कशी?"

"तोंडीत लागली गं."

आत्याने तोंडावर पदर धरला. "तोंडातसून! आणि रे, तू दुपारचो जातस खंय रोज?"

"खोताच्या वाडीत. मित्राकडे. तिथे शांत असतं, अभ्यास होतो."

हे खरं होतं. गिरगावात खोताच्या वाडीत माझ्या वर्गातला एक ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचाच मूळचा ख्रिस्ती, मित्र राहायचा. लाकडी घर, पुढे ओटा, वर पंखा. त्याची आई आम्हाला न विचारता सरबत आणून द्यायची आणि न विचारता परत जायची. चाळीत वाढलेल्या मला ही शांतता एवढी अपूर्व वाटायची, की सुरुवातीला अभ्यासच व्हायचा नाही. पण आत्याच्या हिशोबात त्या उत्तराने शेवटची गाठ बसली. केटी नाव किरिस्तांव, खोताची वाडी किरिस्तांवांची. तिकडेच कुठल्यातरी विहिरीकाठी किंवा झाडाखाली ती याला लागली.

हे सगळं मला नंतर समजलं. तेव्हा तिने फक्त सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "घाबरा नको. मी आसंय."

मी आपला खूश. घरात एक तरी माणूस माझ्या अभ्यासाच्या बाजूने आहे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला मी खोताच्या वाडीतून परतलो तर आमच्या दारात ही गर्दी. गॅलरीत सतरंजी अंथरलेली. पाटावर नारळ आणि विडा. तळमजल्यावरचे अण्णा सोवळं नेसून उभे. हे अण्णा म्हणजे आमच्या चाळीचे गाऱ्हाणं घालणारे. गणपती बसताना, उठताना, कुणाच्या नव्या गाडीला, एकदा तर म्हाडाच्या लॉटरीच्या अर्जाला, देवापुढे सगळ्यांच्या वतीने बोलायचं काम त्यांचं. गाऱ्हाण्याची रीत अशी, की म्हणणारा एक, आणि त्याने दम घ्यायला थांबलं की बाकीच्यांनी एकमुखाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. देवाला वाटलं पाहिजे की मागणारा एकटा नाही.

मला पाटासमोर बसवलं. मी आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे बघेना. मला वाटलं, परीक्षेसाठी असेल. असू दे. अण्णांनी आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या लेकरान तुझ्या पुढ्यात जो काय नारळ-इडो ठेवलो हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या झिलाक जी काय केटी लागली हा, ती कळत लागली आसांदे, नकळत लागली आसांदे, वाटेर लागली आसांदे, आडवाटेर लागली आसांदे..."

"व्हय म्हाराजा!"

"खोताच्या वाडीत लागली आसांदे, नायतर माटुंग्याक लागली आसांदे, तिचो जो काय मान आसात तो तिका देवन, तिका वाकड्या वाटेन इली तशी सरळ वाटेन तिच्या मुळाक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी उभा राहायला लागलो. चाळीच्या गॅलरीत, साऱ्या शेजाऱ्यांदेखत, एका शैक्षणिक नियमाचं भूत उतरवलं जात होतं! केमिकल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यावरून! मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मला गर्दीच्या मागे बाबा दिसले.

छापखान्यातून नुकतेच आले होते. खांद्याला पिशवी तशीच. मला हायसं वाटलं. आता हे ओरडणार, नारळ उचलून बाजूला ठेवणार, अण्णांना चार खडे बोल सुनावणार. केटी म्हणजे काय हे बाबांना पुरेपूर ठाऊक होतं. कॉलेजची सूचना त्यांनीच वाचून त्यातली व्याकरणाची चूक मला दाखवली होती.

अण्णा म्हणाले, "आणि फुडल्या वर्साक ह्याका बिनघोर चढव रे म्हाराजा!"

आणि बाबांनी पिशवी खाली ठेवली, मान वर केली, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

मी खाली बसलो. बाबांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. पलीकडच्या चाळीतले लोक कठड्याशी आले.

गाऱ्हाणं संपलं, खोबरं वाटलं गेलं. मी रागाने धुमसत कोपऱ्यात बसलो होतो. आत्या मात्र अजून समाधानी नव्हती. तिने अण्णांना थांबवून विचारलं, "अण्णानू, ता सगळा खरा. पण ती सुटान जातली खंय? तिकाय जागा नको? तिकडे जागा गावल्याशिवाय ती हय सोडीत कशी? बापडी अडकान पडली आसतली."

"तिच्या मुळाक जातली," अण्णा म्हणाले.

"मुळाक आधीच गर्दी आसली तर? मगे परत येतली मां?"

अण्णा खोबरं चावत जिना उतरले. मी आत्याला म्हणालो, "आत्या, केटी म्हणजे बाई नाही गं. परीक्षा आहे, परीक्षा!" ती गॉगलआडून माझ्याकडे दयेने बघत म्हणाली, "व्हय रे बाबा. लागलेल्या माणसाक तसाच वाटता." यापुढे वाद घालायला वाव नव्हता. वाद घालण्यात मी पटाईत, पण भूत लागलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माटुंग्याला गेलो. बाहेरचे परीक्षक तेच. तोच अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मला पाहून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"तो चाळवाला ना तू? मिरच्या?"

"हो सर."

"बस. मागच्या वेळचाच प्रश्न. फ्युगॅसिटी. पळून जायची वृत्ती, इथपर्यंत आलो होतो आपण. पळून कुठे?"

मी पुस्तकं पालथी घातली होती, या प्रश्नाचं सरळ उत्तर कुठे सापडलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या कानात आत्याचा आवाज आला. सुटान जातली खंय? मुळाक गर्दी आसली तर? आणि मला एकदम हसू आलं. परीक्षकांना वाटलं असणार, पोरगं गेलं हातचं.

"सर," मी म्हणालो, "नुसतं सुटायची ओढ असून चालत नाही. जायला जागा पाहिजे. फ्युगॅसिटी एका ठिकाणची बघून काही कळत नाही, दोन ठिकाणच्या बघाव्या लागतात. इथे जास्त, तिथे कमी, तर रेणू इथून तिथे जातात. तिथे गर्दी वाढत जाते, तिथलीही परत सुटायची ओढ वाढते. दोन्हीकडची सारखी झाली, की जितके जातात तितकेच परत येतात. तो समतोल. तेव्हा बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, कुणी हलतच नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "उदाहरण दे. पुस्तकातलं नको."

"सुके बोंबील, सर."

"काय?"

"घट्ट झाकणाच्या डब्यात. बोंबलांचा वास डब्यातल्या हवेत भरतो, पण एका मर्यादेपर्यंत. मग बोंबलातली ओढ आणि हवेतली ओढ सारखी होते. डबा शांत. झाकण उघडलं की बाहेर गॅलरीत त्या वासाची फ्युगॅसिटी शून्य. मग तो सुटतो तो सुटतोच."

"आणि चाळीत समतोल कधी येतो?"

"येत नाही सर. ओपन सिस्टीम आहे. वरच्या मजल्यावरच्या काकू येतात."

बाहेरचे परीक्षक हसले. चांगले मोठ्याने, खुर्ची मागे सरकवून. मग आमच्या कॉलेजातल्या सरांना म्हणाले, "जाऊ दे याला. सुटला." मला आठवतं, त्यांनी 'पास' म्हटलं नाही, 'सुटला'च म्हटलं.

मी घरी आलो तेव्हा जिन्यातूनच ओरडलो, "सुटली!" आईने तिथेच भिंतीला टेकून डोळ्याला पदर लावला. खालून अण्णांचा आवाज आला, "मी म्हणालंय मां!" अख्ख्या चाळीत गाऱ्हाण्याचा विजय झाला. माझ्या रात्रंदिवसाच्या अभ्यासाचा उल्लेख कुणी केला नाही, आणि मला खरं सांगायचं तर तो करून घ्यावासाही वाटला नाही. मी एवढा हलका झालो होतो, की कुणी म्हटलं असतं उंदराने पास केलं, तरी मी मान डोलावली असती.

आत्या तेवढी गंभीर. "सुटली ता बरा झाला. पण गेली खंय?"

आई पटकन म्हणाली, "आपल्या घरी गेली हो वन्सं."

"रिकाम्या हातान धाडलास तिका?" आत्या कळवळली. वर्षभर आपल्या घरात राहिलेली बाई, मग ती कशी का असेना, तिला तशीच वाटेला लावणं तिला पटेना. ओटी भरावी तर ती किरिस्तांव. शेवटी तिनेच तोड काढली. "तिका मेणबत्ती व्हयी. खोताच्या वाडीत कुरूस आसा मां? थंय लाव जा. आजच्या आज."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. बाबा नुकतेच येऊन चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि पुन्हा चपला घातल्या. "चल. मला रस्ता माहीत आहे."

आम्ही बसने गिरगावला गेलो. बाबांनी वाटेत मेणबत्ती घेतली. दुकानदाराने रंग विचारला तर बाबांना काय सांगावं कळेना, मग म्हणाले, "साधी." खोताच्या वाडीत तिन्हीसांजेचा उजेड होता. कुणाच्या तरी ओट्यावर रेडिओ चालू होता. क्रुसापाशी आधीच दोन मेणबत्त्या विझून पडलेल्या, त्यांच्या मेणाचा थर दगडावर घट्ट झालेला. मी काडी ओढली, वाऱ्याने विझली. दुसरी ओढली.

"बाबा," मी म्हणालो, "केटी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत होतं. आत्याला सांगितलं का नाही?"

ते मेणबत्ती दगडावर उभी करायच्या खटपटीत होते. माझ्याकडे न बघता बोलले.

"तुझं पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. चुका सापडल्या. बाकी एकही वाक्य कळलं नाही. आई तुला जेवू तरी घालते. आत्याने देवाला तरी सांगितलं. मी काय करायचं? सकाळी कामावर जायचं, संध्याकाळी यायचं, तुझा चेहरा बघायचा." मेणबत्ती कलली, ती त्यांनी परत सरळ केली. "काल घरी आलो तर तुझ्यासाठी सगळे काहीतरी करत होते. आणि त्यात एक काम असं होतं, की जे मला जमण्यासारखं होतं. अण्णा थांबले की ओरडायचं. कधी ओरडायचं ते मला कळत होतं."

मी तिसरी काडी ओढली.

मेणबत्ती पेटली. समुद्रावरचा वारा गल्लीतून येत होता, ज्योत फडफडायला लागली. बाबांनी वाकून दोन्ही हातांचा आडोसा केला. तसेच वाकून उभे राहिले, पाठ दुखते तरी. उष्णता पूर्ण अडवणारी भिंत जगात नसते, हे मला आता कुणीही विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण मी फक्त दुसऱ्या बाजूने माझे हात लावले.

ओट्यावरून एक म्हातारे गृहस्थ आमच्याकडे कुतूहलाने बघत होते. मेणबत्ती निम्म्यावर आली. "झालं बाबा, चला आता," मी म्हणालो. "उशीर होईल."

"थांब," बाबा म्हणाले. "पुरती जळू दे. अर्धवट राहिली तर परत यायची."